सत्यजित राय यांचा भिंतीवरचा बायोस्कोप सोलापुरात कसा पाडायचा?

बाळीवेसकर

मेच्या सुट्टीत सातवी ते नववीच्या पंधरा मुलांसाठी दोन दिवसांचा कार्यक्रम ठरतोय. वाचायला सत्यजित राय यांच्या लहानपणच्या आठवणी, 'जखन छोटो छिलाम' (१९८२). त्यातले तीन प्रसंग घेणार: घरच्या छापखान्यातल्या कॅमेऱ्याच्या घाशीव काचेवरचं उलटं चित्र, उन्हाळ्यातल्या दुपारी खिडकीच्या फटीतून भिंतीवर उतरलेला रस्ता, आणि हँडल फिरवायचा मॅजिक लँटर्न, म्हणजे आतल्या दिव्याने चित्र भिंतीवर मोठं करून फेकणारा कंदील. पुढे सिनेमा करणाऱ्या माणसाला लहानपणी गोष्टींच्या आधी ही यंत्रं भेटली, हे नुसतं वाचून मुलांच्या डोक्यात शिरणार नाही. ते करूनच दाखवायला हवं.

जागा: जुन्या वाड्याचा वरचा मजला. खोली १२ बाय १० फूट, भिंती चुन्याच्या, लाकडी झडपांची एकच खिडकी. खिडकी पश्चिमेला, खाली रस्ता, समोर आठ-दहा मीटरवर पांढरी दुमजली इमारत.

भोक केवढं? खोली किती काळी लागेल? रॉकेलचा दिवा न वापरता कंदील कसा करायचा? जाणकारांनी मापासकट सांगावं.

भिंगवाला

आधी भोक. पुस्तकी सूत्र भोकापासून पडद्याच्या अंतरावर चालतं. तीन मीटरला सगळ्यात रेखीव चित्र साधारण २.४ मिमीच्या भोकातून मिळतं. पण त्यावर जाऊ नका. तेवढ्या भोकातून येणारा उजेड इतका कमी की मुलांना भिंत काळीच दिसेल. खोलीसाठी १२ मिमी धरा. भर उन्हातला रस्ता असेल तर पडद्यावर साधारण ०.१२ लक्स पडतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या निम्म्याच्या आसपास. दिसतं, पण डोळे सरावल्यावर. दार लावून किमान दहा मिनिटं नुसतं बसायचं. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला की सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून.

१२ मिमीच्या भोकात प्रत्येक बिंदूचा साधारण १२ ते १६ मिमीचा ठिपका होतो. आठ मीटरवरचा माणूस तीन मीटरच्या पडद्यावर ६० सेंमी उंच येतो, त्याचं डोकं ८ सेंमीचं. म्हणजे सायकल, रिक्षा, डोक्यावरची पाटी ओळखू येईल, चेहरा नाही.

तीन पत्रे करून ठेवा: २५, १२ आणि ६ मिमी. सुरुवात २५ ने. ठळक पण धुकट. मग १२, मग ६. भोक लहान होताना चित्र एकीकडे रेखीव आणि दुसरीकडे अंधुक होतं, हे मुलांना एका बैठकीत कळतं.

भोक पातळ पत्र्यालाच पाडा, तेलाच्या डब्याचं झाकण चालेल. ड्रिलनंतर आतल्या कडेची बुरी (वर आलेली धारदार कड) कानसने काढा. थेट प्लायला भोक पाडू नका. १२ मिमी जाड प्लायला ६ मिमीचं भोक म्हणजे नळी झाली, तिच्यातून जेमतेम ५० अंशांचं दृश्य येतं आणि कडा अंधारात जातात. प्लायला तळहाताएवढी खिडकी कापा आणि तिच्यावर पत्रा ठोका.

कन्नाचौक

कशाला बे एवढं गणित. एक प्रोजेक्टर आणा, पिक्चर लावा, पोरं खूश.

भिंगवाला

प्रोजेक्टर बंद डबा आहे मालक. भिंतीवरच्या रस्त्यात समोरची बस खरोखर आत्ता जात असते, आणि तिला वायर नाही. फरक तेवढाच आहे आणि सगळा तोच आहे.

डाळिंबबाग

खोली काळी करायला काळे पडदे विकत घेऊ नका. शेतात वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंगचा काळा-चंदेरी प्लास्टिक पेपर घ्या. डाळिंब, कलिंगडवाल्यांकडे अर्धवट रोल पडलेले असतात, कृषी सेवा केंद्रातही मिळतो. रुंदी साधारण चार फूट, जाडी २५ ते ३० मायक्रॉन. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. एक थर पुरत नाही, उन्हासमोर धरला की बारीक भोकं चमकतात, आणि त्यातलं प्रत्येक भोक स्वतःचं वेगळं चित्र भिंतीवर पाडतं. दोन थर, तेही सांधे आडवेतिडवे ठेवून.

सोलापुरी चादर एकटी लावून उपयोग नाही. पोत जाड दिसला तरी विणीतून उजेड येतो. मल्चिंगच्या आतून दुसरा थर म्हणून मात्र उत्तम, कारण प्लास्टिकच्या सुरकुत्यांची चमक ती खाते.

जुन्या वाड्यात उजेड खिडकीतून कमी आणि इतर ठिकाणांहून जास्त येतो: दाराखालची फट, माळवदाचा झरोका, बिजागरीची बाजू, बंद केलेल्या कूलरचं तोंड. आत बसून, दार लावून, डोळे सरावल्यावर एकेक फट शोधा. बाहेरून शोधू नका, सापडत नाही. टेप कागदी वापरा, ब्राउन टेप चुन्याचे पोपडे घेऊनच निघतो.

होटगीरोड

खिडकी पश्चिमेला आहे म्हणजे वेळ सकाळची धरा. समोरच्या इमारतीचं तोंड पूर्वेला, त्यावर ८ ते साडेदहा-अकरापर्यंत थेट ऊन असतं आणि तुमची खिडकी सावलीत. हेच पाहिजे: दृश्य उन्हात, भोक सावलीत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या वेळी उभ्या भिंतींवर ऊन तिरकं घासून जातं आणि इमारत मळकट दिसते. रस्ता मात्र पांढराफेक होतो, कारण तो आडवा. तेव्हा दुपारीही चित्र मिळेल, पण रस्त्याचं आणि छत्र्यांचं, इमारतीचं नाही.

चारनंतर बंद. सूर्य पश्चिमेला उतरला की थेट भोकातून आत येतो आणि बाकी सगळं धुऊन टाकतो.

दुसरं. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, रस्ता खाली आहे. म्हणजे चित्रात रस्ता वर जाणार. भोक जमिनीपासून एक मीटरवर असेल आणि रस्ता २० अंश खाली दिसत असेल, तर तीन मीटरवर तो भोकाच्या वर १.१ मीटर, म्हणजे जमिनीपासून २.१ मीटरवर पडेल. पडदा उंच बांधा. आभाळ खाली फरशीवर जाईल, तिथे सतरंजी गडद रंगाची टाका, नाहीतर फरशीवरून परतलेला उजेड पडदा फिका करतो.

बाळीवेसकर

उत्तम. म्हणजे पहिली सकाळ या खोलीसाठी. मुलांना सांगताना "चित्र उलटं, आणि डावं-उजवंही बदललेलं" असंच ना?

नवीपेठ_टॉकीज

नाही, इथे थांबा. बहुतेक पुस्तिकांत हेच लिहिलेलं असतं आणि या खोलीला ते लागू नाही.

तुम्ही खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे बघता. रस्त्याकडे तोंड असताना जी रिक्षा उजवीकडे चालली होती, ती भिंतीकडे वळून बघितल्यावरही तुमच्या उजवीकडेच जाते. बदलतं फक्त वर-खाली. त्यामुळे समोरच्या दुकानाची पाटी मान उलटी करून वाचायला गेलात तरी अक्षरं आरशातल्यासारखीच दिसतात.

आता पडदा म्हणून ट्रेसिंग पेपर ताणून बांधा आणि त्याच्या मागे, खिडकीकडे तोंड करून उभे राहा. आता चित्र १८० अंश फिरलेलं आहे. मोबाइलवर फोटो काढा, फोन उलटा धरा, पाटी सरळ वाचता येते. राय यांना छापखान्यात दिसलं ते हे दुसरं चित्र, कारण घाशीव काचेकडे मागून बघतात. भिंतीवरचा रस्ता हे पहिलं. एकाच आठवणींच्या पुस्तकात दोन्ही प्रकार आलेत, ते शेजारीशेजारी दाखवण्याची संधी सोडू नका.

ट्रेसिंग पेपर ए-थ्री पुरेसा आहे, सायकलच्या जुन्या रिमवर किंवा फोटोफ्रेमच्या चौकटीवर ताणा. सैल राहिला की मधोमध फोकस जातो.

भिंगवाला

मुलांनी नुसत्या भोकाचं चित्र एकदा पाहिलं की भोकाच्या जागी भिंग लावा. चष्म्याच्या दुकानात +०.५० ची अनकट, म्हणजे फ्रेमसाठी न कापलेली, लेन्स मागा. सिंगल व्हिजन, सिलिंडर नको, उन्हात काळी पडणारी फोटोक्रोमॅटिक तर अजिबात नको. व्यास ६५ ते ७० मिमी असतो. काळ्या पुठ्ठ्याने मधलं ४० मिमी उघडं ठेवा. कोणती बाजू बाहेर ठेवायची याची एवढ्या बारीक छिद्राला काळजी नको.

+०.५० म्हणजे फोकस दोन मीटर. पण ते लांबच्या वस्तूंसाठी. २० मीटरवरच्या वस्तूचं चित्र २.२२ मीटरवर पडतं, दहा मीटरवरच्या इमारतीचं बरोबर अडीच मीटरवर. म्हणून भिंतीवर विसंबू नका, हलता पडदा करा: दोन काठ्यांना मांजरपाटाचं धुतलेलं पांढरं कापड. २.२ ते २.६ मीटरच्या दरम्यान पुढे-मागे करा, इमारत आणि तिच्या मागचं झाड वेगवेगळ्या जागी तीक्ष्ण होतील. हाच फोकस, वेगळी व्याख्या लिहून देऊ नका.

उजेड १२ मिमीच्या भोकापेक्षा साधारण पंधरा ते वीस पट वाढतो, मोबाइलवर व्हिडिओही निघतो. नुसत्या भोकाचा व्हिडिओ काळाच येईल, तिथे स्टँडवर ठेवून नाइट मोडचा फोटो.

एक ताकीद. भिंगातून सूर्याकडे कुणी बघायचं नाही. सूर्य खिडकीच्या बाजूला यायच्या आत लेन्स काढून खिशात.

बाळीवेसकर

आता कंदील. राय यांच्या वर्णनात पेटी, पुढे भिंग बसवलेली नळी, वर धुरांडं, उजव्या बाजूला हँडल आणि आत रॉकेलचा दिवा आहे. मुलांच्या हातात ते द्यायचं नाही.

रंगीतकाच

शाळेच्या प्रयोगशाळेतली १० सेंमी फोकसची, ५० मिमी व्यासाची तीन बहिर्वक्र भिंगं घ्या. दोन उजेड गोळा करायला, एक चित्र फेकायला. फोकस तपासून घ्या: लांबच्या इमारतीचं चित्र कागदावर पाडा आणि फूटपट्टीने अंतर मोजा. डब्यावर १० लिहिलेलं भिंग १५ चं निघतं.

मांडणी दिव्याकडून पडद्याकडे अशी:

एलईडी. १० वॅटची चौकोनी चिप, तिला जुळणारा ड्रायव्हर, मागे उष्णता ओढून घेणारा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा हीट सिंक आणि मध्ये थर्मल पेस्ट. हीट सिंकशिवाय ही चिप काही मिनिटांत जाते. घरातला गोल बल्ब चालणार नाही. उजेड लहान जागेतून यायला हवा, भरपूर असून भागत नाही.

त्यापुढे सुमारे ९ सेंमीवर दोन भिंगं, एकमेकांना जवळजवळ टेकलेली. दोन्ही मिळून फोकस ५ सेंमीचा होतो.

त्यापुढे ५ ते १० मिमी सोडून स्लाइड. भिंगाला चिकटवली तर भिंगावरची धूळसुद्धा पडद्यावर येते.

स्लाइडपुढे १०४ मिमीवर तिसरं भिंग, त्यावर २५ मिमी भोकाचा काळा पुठ्ठा. पूर्ण ५० मिमी उघडं ठेवलं की मध्यभाग तीक्ष्ण आणि कडा वितळलेल्या.

पडदा अडीच मीटरवर. २४ पट मोठं होतं, म्हणजे ३६ मिमी रुंदीची चौकट ८६ सेंमीची. पडदा दोन मीटरवर आणला तर पुढचं भिंग जेमतेम एक-सव्वा मिमी पुढे सरकवावं लागतं. म्हणून सरकती नळी घट्ट हवी, ढिली नळी नुसत्या वजनाने फोकस सोडते. नळीसाठी कापडदुकानातल्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी बघा, एकात एक बसणाऱ्या दोन मिळाल्या तर कामच झालं. आतून मॅट काळा रंग. चकचकीत राहिली तर काळा भाग करडा दिसतो.

सगळ्यात जास्त फसतं ते असं: पडद्यावर चित्राऐवजी एलईडीचाच पिवळा चौकोन दिसतो, किंवा मधोमध उजेड आणि भोवती काळं कडं. दिव्याचं चित्र स्लाइडवर पडायला नको, ते पुढच्या भिंगात पडायला हवं. स्लाइड काढा, पुढच्या भिंगाच्या पुठ्ठ्यावर पांढरा कागद धरा आणि एलईडी मागे-पुढे सरकवा. छोटा तीक्ष्ण चौकोन २५ मिमीच्या भोकात मावला की पेटी जुळली. यासाठी मध्ये ट्रेसिंग पेपर घालणारे बरेच भेटतील. कडं जातं खरं, पण बहुतेक उजेडही जातो.

लष्कर_चित्रशाळा

स्लाइडबद्दल. २ मिमी काच, ५० बाय ५० मिमी, काचवाल्याकडून कापून आणि कडा पॉलिश पेपरने मारून. वर २४ बाय ३६ मिमी चौकटीचा काळा कागद, त्यावर दुसरी काच, कडेने टेप. काच आधी साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, बोटाचा ठसा पडद्यावर वीतभर दिसतो.

पोस्टर कलर वापरू नका, ते अपारदर्शक असतात. लाल फूल काढाल आणि पडद्यावर काळा डाग येईल. ग्लास पेंट घ्या, एक थर, वाळेपर्यंत आडवं ठेवा. २४ पट मोठं होतं म्हणजे १ मिमीची रेघ २.४ सेंमीची. बाह्यरेषा ००० नंबरच्या ब्रशने किंवा सर्वांत बारीक परमनंट मार्करने काढा. मुलांसाठी ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) सोपी, पण लेझर प्रिंटरची शीट इंकजेटमध्ये घालू नका, शाई ओघळते.

स्लाइड घालताना: पडद्याकडे तोंड करून ती सरळ वाचता येईल अशी धरा आणि जागेवरच १८० अंश फिरवा. आरशासारखी पालटू नका.

हा खेळ बंगालचाच होता असंही नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये हाताने रंगवलेल्या काचांचा 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला, मुलांनी तो पुढे चालवला. एकाच आकृतीच्या किंचित बदललेल्या काचा भराभर पालटल्या की आकृती हलते. दोन काचा करा, एकीवर उघडा डोळा आणि दुसरीवर मिटलेला. पण दोन्हीची चौकट तंतोतंत जुळायला हवी. काचेखाली आलेखाचा कागद ठेवून काढा. अर्ध्या मिमीची चूक पडद्यावर १२ मिमीची उडी होते.

नवीपेठ_टॉकीज

हँडलबद्दल विचारलं नाहीत, पण मुलं विचारणारच. नुसतं हँडल लावून पट्टी सरळ ओढली तर पडद्यावर रेघोट्या दिसतात. प्रत्येक चौकट क्षणभर थांबली पाहिजे, आणि सरकताना उजेड झाकला पाहिजे. थांबवायला पंजा किंवा माल्टीज क्रॉस (पट्टी थांबत-थांबत पुढे सरकवणारं चाक), झाकायला फिरती पाती. मूकपटाच्या काळात सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर तीन पात्यांचं झाकण प्रत्येक चौकट तीनदा दाखवतं, म्हणजे ४८ झगमगाट, आणि डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. घरी करायच्या भानगडीत पडू नका. झोएट्रोप करा: उभ्या फटींचा काळा पुठ्ठ्याचा डबा, १२ चित्रांची पट्टी, खाली बेअरिंग. फटी ३ मिमीच्या, जास्त रुंद झाल्या की चित्र पुसट होतं.

कुणाच्या माळ्यावर जुनी फिल्मची रीळं असतील आणि "आणू का" म्हणतील. काठावर इंग्रजीत सेफ्टी असं छापलेलं नसेल तर खोलीत आणू देऊ नका. १९५० च्या आधीच्या फिल्म बहुधा नायट्रेटच्या. ती एकदा पेटली की पाण्यात घातली तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. व्हिनेगरचा वास येणारी रीळं नायट्रेटची नसतात, पण बंद खोलीत तीही नकोत.

छापखाना

वाचनाच्या भागात एक जोडा. हे घर नुसतं साहित्यिकांचं नव्हतं, छपाईचे ब्लॉक, म्हणजे चित्रांचे ठसे, करणाऱ्यांचं होतं. आजोबा उपेंद्रकिशोर हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी चित्र छापण्याच्या, छपाईतले जाणकार, त्यांनीच १९१३ मध्ये 'संदेश' हे मुलांचं मासिक सुरू केलं. वडील सुकुमार १९२३ मध्ये गेले तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचे होते, आणि पाच-सहा वर्षांचे असताना कोलकात्यातलं गडपारचं घर सुटलं. त्यामुळे आठवणीत माणसांपेक्षा वस्तू ठळक आहेत, टर्पेंटाइनचा वास त्यात पहिला. हे भावुक न होता वाचा, मुलांना ते आपोआप लागेल.

आपल्याकडे दादासाहेब फाळके त्याच वाटेचे. जे. जे. आणि बडोद्याचं कलाभवन, मग ब्लॉक आणि रंगीत छपाईचा धंदा, मग सिनेमा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चाच. घाशीव काचेवर रोज उलटं चित्र बघणाऱ्या घरांतून सिनेमा निघाला याचं मला तरी नवल वाटत नाही.

हाफटोन दाखवायला जुनं वर्तमानपत्र आणि दहापट भिंग पुरे. इंचाला ठिपक्यांच्या साधारण ६५ ते ८५ ओळी दिसतात. सोलापूरच्या पोरांना हे समजवायला जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) आलेखासारखं सोपं काही नाही: चौकोन भरला की धागा वर, रिकामा की खाली, आणि लांबून बघितलं की मोर.

फाळक्यांनी १९१२ मध्ये रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. मुलांना घरी करता येईल. ज्वारी भिजवून ओल्या कापसावर ठेवा, मोबाइल स्टँडवर, दर दहा मिनिटांनी एक फोटो. तीन दिवसांत ४३२ फोटो, २४ च्या वेगाने १८ सेकंद. खिडकीचा उजेड नको, एकच टेबललॅम्प कायम चालू, नाहीतर दिवस-रात्रीची उघडझाप होते. फोन चार्जरवर राहणार म्हणून कव्हर काढा, मेमध्ये तापून आपोआप बंद पडतो.

डाळिंबबाग

एक राहिलं. बंद खोली, प्लास्टिक, मे महिना आणि पंधरा मुलं. एका वेळी सात-आठच घ्या, वीस मिनिटं आत, मग दार उघडून दहा मिनिटं बाहेर. कूलर चालू ठेवायचा असेल तर त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर मल्चिंगचा पडदा सोडा. हवा बाजूने येते, उजेड अडतो. आणि बाहेर थांबलेल्या गटाला रिकामं बसवू नका. त्यांना रस्त्यावर पाठवा, लाल आणि पिवळे कापडाचे तुकडे हातात देऊन. आतली मुलं ओरडून सांगतील कोण कुठे चाललंय.

बाळीवेसकर

बरं. सात-आठ-सात-आठ अशा फेऱ्या, सकाळी आठ ते साडेदहा. दुसऱ्या दिवशी कंदील आणि काचा. लेन्स आणि पत्रे उद्या नवी पेठेतून आणतोय. मल्चिंग कुणाकडे पडलं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पंधरा मीटर लागेल.